शांत किनारा, पण निवांत कोण?

पुण्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या बँकेत नोकरी करतात. घरात पती, नववीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि गुडघेदुखीने त्रासलेल्या ७२ वर्षांच्या सासूबाई आहेत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हे कुटुंब उत्तर गोव्याला गेले होते. तिथली गर्दी, गाडी लावायला जागा शोधण्यात गेलेला वेळ आणि मध्यरात्रीपर्यंत खिडकीवर आदळणारे संगीत यांमुळे सगळे दमून परतले. यंदा पतीने वेंगुर्ल्याच्या बाजूला एखाद्या शांत गावात ५ दिवस राहावे असे सुचवले आहे. मुलगी म्हणते, “तिथे करायचे काय?” मुलाला पाणी दिसले की पुरते, सासूबाईंना देवदर्शन घडले तर हवे आहे. बँकेतील सहकारी बाली-व्हिएतनामची छायाचित्रे दाखवतात, तेव्हा आपण मुलांना कमी तर देत नाही ना, अशी बोचही त्यांच्या मनात आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात : “पूर्वी एकदा कोकणात स्वयंपाकघर असलेला बंगला घेतला होता, त्यामुळे घरचे जेवण मिळाले. तसाच पुन्हा घ्यावा असे म्हणते. शांत किनाऱ्यावर सगळ्यांना आनंद होईल, असे कसे करावे?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात पतींना काय हवे, मुलीला काय नको, मुलाला आणि सासूबाईंना कशाने बरे वाटेल, हे सारे नेटकेपणाने आले आहे. तुम्हाला स्वतःला काय हवे, याची मात्र एकही ओळ त्यात नाही. बंगल्यातल्या स्वयंपाकघराचा उल्लेख तुम्ही सोय म्हणून केला आहे. त्या स्वयंपाकघरात सकाळचा चहा कोणी टाकला, पोहे कोणी भिजवले, दुपारची कणीक कोणी मळली आणि सगळे पाण्यात असताना कुकरच्या शिट्ट्या मोजत कोण बसले होते, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते विचारण्याची मला फारशी गरजही वाटत नाही.

तुमचा प्रश्न जागेबद्दल आहे आणि जागेबद्दल मी पुढे लिहिणारच आहे. पण शांत ठिकाण निवडले की सुट्टी आपोआप शांत होते, हे त्यामागचे गृहीतक आधी तपासून पाहायला हवे. गजबजलेल्या पर्यटनस्थळी माणसांना गुंतवून ठेवण्याची एक यंत्रणा उभी असते. खाण्याच्या जागा, बोटीच्या फेऱ्या, बाजार, तिकिटांच्या रांगा, सगळे जागोजागी असते आणि कुटुंब त्यात सकाळपासून रात्रीपर्यंत वाहत राहते. लहान गावात हे काहीच नसते, म्हणून ते काम घरातल्याच कोणाला तरी करावे लागते. आता काय खायचे, उन्हात कुठे बसायचे, मुलगा किती वेळ पाण्यात राहणार, मुलगी का रुसली आहे आणि आजींच्या गोळ्या झाल्या का, या सगळ्याचे उत्तर देणारी व्यक्ती बहुतेक घरांत ठरलेली असते. तुमच्या पतींना गावातली शांतता आवडते याचे एक कारण असेही असू शकेल की त्यांच्या वाट्याला ती खरोखरच येते. हे मी त्यांच्याविरुद्ध लिहीत नाही. त्यांची सूचना मला मनापासून योग्य वाटते आणि ती तुम्ही स्वीकारावी असेच माझे मत आहे, फक्त काही अटींवर.

पहिली अट स्वयंपाकघराची. ते असलेला बंगला यंदा घेऊ नका. वेंगुर्ले, शिरोडा, भोगवे, निवती किंवा उत्तरेकडे गुहागर, वेळणेश्वर, आंजर्ले या सगळ्या पट्ट्यात घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारी कुटुंबे आहेत. त्यांतल्या अनेकांची नोंदणी राज्य सरकारच्या निवास व न्याहरी योजनेत झालेली असते. यजमानांच्या अंगणापलीकडे दोन-तीन खोल्या असतात, सकाळी घावणे किंवा आंबोळी, दुपारी भात, माशाचे कालवण, सोलकढी आणि शाकाहारी मंडळींना काळ्या वाटाण्याची उसळ किंवा कुळथाची पिठी मिळते. तुम्हाला जे “घरचे जेवण” हवे होते ते हेच आहे, फरक इतकाच की ते दुसऱ्याच्या घरचे आहे आणि त्याचे पैसे मोजलेले आहेत. अशा घरी हॉटेलसारखी यादी समोर येत नाही. उद्या किती ताटे, कोण मासे खाणार, मुलाला तिखट किती चालते, हे आदल्या संध्याकाळी सांगावे लागते. तेवढे सांगण्याचे काम पतींकडे द्या.

मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. “तिथे करायचे काय?” हा मला उर्मट प्रश्न वाटत नाही, उलट तुमच्या पत्रातला तोच सर्वांत सरळ प्रश्न आहे. १४-१५ वर्षांच्या मुलीला निसर्गसौंदर्याची आश्वासने देऊन उपयोग नसतो. शिवाय अनेक पालकांच्या मनात शांत गावाच्या बेताआड मोबाइल सोडवण्याचा एक छुपा बेत असतो आणि मुलांना तो पहिल्या दिवशीच कळतो. तसे काही तुमच्या घरात असेल तर ते सोडून द्या. सुट्टीला सुधारगृह केले की मुले ती मोडून काढण्यातच सगळी शक्ती घालवतात. तिचा फोन तिच्याकडे राहू द्या. खोलीत नेटवर्क कसे असेल, हेही तिला आधीच खरे ते सांगा.

करण्यासारखे काय आहे, याचे एक उदाहरण देते. पावसाळा संपल्यावर सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर अजूनही रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, लागते. एक होडी किनाऱ्यावरून निघून समुद्रात अर्धवर्तुळ मारत जाळे सोडत जाते आणि बऱ्याच अंतरावर पुन्हा किनाऱ्याला येते. मग दोन्ही टोकांचे दोर धरून दोन्हीकडची माणसे मागे मागे सरत ते जाळे ओढू लागतात. हे काम तासभर, कधी त्याहून जास्त चालते. दोन्ही रांगा हळूहळू जवळ येतात, पाण्यावर पक्ष्यांची झुंबड उडते आणि अखेरीस जाळ्याचा फुगलेला खोलगट भाग वाळूवर येतो, तेव्हा तारली, बांगडे, पेडवे यांचा नुसता चमचमाट असतो. विचारून दोराला हात लावायला सहसा कोणी नाही म्हणत नाही, कधी कधी हात लावणाऱ्याला मूठभर मासेही मिळतात. दोर खरखरीत असतो आणि हात सोलवटतात, एवढे मुलीला आधी सांगून ठेवा. रापण कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी लागेल हे मासळीच्या अंदाजावर ठरते. त्यामुळे तिची तिकिटे काढता येत नाहीत. आदल्या दिवशी किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना विचारणे हे काम मुलीकडे सोपवता येईल. अनोळखी माणसांशी बोलून माहिती काढणे या वयात मुलांना वाटते त्यापेक्षा बरेच आवडते.

मुलासाठी ओहोटीची वाळू पुरे आहे. पाणी मागे हटले की ओल्या वाळूवर वाटाण्याएवढे खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळूतले खाद्य चाखतात आणि उरलेल्या वाळूची बारीक गोळी करून मागे टाकतात. थोड्या वेळाने प्रत्येक बिळाभोवती अशा शेकडो गोळ्यांची नक्षी तयार होते. आपण चालत गेलो तर सगळे एकाच क्षणी गडप होतात आणि न हलता उभे राहिलो तर एकेक करून पुन्हा वर येतात. दुसरीतल्या मुलाला न हलता उभे राहायला लावणारी याहून चांगली युक्ती मला माहीत नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी दोघेही “कंटाळा आला” म्हणतील. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण त्या क्षणी तुम्हाला बेत फसल्यासारखे वाटेल आणि तुम्ही पर्याय शोधू लागाल. शोधू नका. कोकणातली दुपार अशीच असते, यजमानही त्या वेळी पडवीत आडवे झालेले असतात. मुलांचा दुपारचा कंटाळा दूर करण्याची जबाबदारी आईची आहे, असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही.

आता जागेविषयी. पूर्ण ५ दिवस एकाच किनाऱ्यावर बसून राहणे आणि रोज ३ ठिकाणे पाहत धावणे, या दोन टोकांमधला एक मार्ग तुमच्या कुटुंबाला मानवेल. मुक्काम शांत जागी करायचा, पण तिथून अर्ध्या-पाऊण तासात काही तरी हालचाल असलेले ठिकाण गाठता आले पाहिजे. मालवण आणि तारकर्लीला आता सुट्टीत स्कूबा आणि पाण्यातल्या खेळांची मोठी गर्दी असते; ती एखादा दिवस बघायला ठीक आहे, मुक्कामाला नको. वेंगुर्ल्याच्या दक्षिणेचा शिरोडा, आरवली, रेडी हा पट्टा तुमच्या पतींच्या मनात नसेल तर सुचवून पाहा. शिरोड्याचा वेळागर किनारा सुरूच्या बनाला लागून लांबवर पसरलेला आहे. गावात मिठागरे आहेत आणि १९३० साली मिठाचा सत्याग्रह जिथे झाला ते हेच शिरोडे. दिवाळीत मिठाचे ढीग दिसणार नाहीत, मीठ पडायला पुढचे उन्हाचे दिवस लागतात. आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे. हा देव रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो, त्यामुळे त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे आणि म्हणून नवसाला त्याला चामड्याच्या भल्या मोठ्या चपला वाहतात. तिथे ठेवलेले ते जोड पाहून तुमचा मुलगा जे प्रश्न विचारील त्यांची उत्तरे सासूबाईंनी द्यावीत. रेडीला १९७६ साली खाणीच्या परिसरात सापडलेला द्विभुज गणपती आहे. त्यापुढे तेरेखोलचा किल्ला लागतो, तो गोव्याच्या हद्दीत आहे, आणि खाली तेरेखोल नदीवर पलीकडे केरीला जाणारी फेरीबोट आहे. मुलीला गोव्याची हवा घ्यायचीच असेल तर एक संध्याकाळ तिकडे घालवून रात्री आपल्या शांत मुक्कामी परत येता येते.

पुण्याहून हा पल्ला कोल्हापूर आणि आंबोली घाटामार्गे साधारण ८-९ तासांचा आहे, सासूबाईंसाठी थांबे घेतले तर दिवस जातोच. म्हणजे ५ दिवसांतले २ प्रवासाचे आणि हातात उरतात ३. त्या तीन दिवसांवर फार ओझे टाकू नये. इतका प्रवास नको असेल तर कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागर-वेळणेश्वर गाठणे सोपे पडते. वेळणेश्वरचे शंकराचे देऊळ किनाऱ्यालगतच आहे, त्यामुळे देवदर्शन आणि समुद्र यांसाठी दोन वेगळ्या खेपा कराव्या लागत नाहीत. मुंबई-ठाण्याच्या वाचकांनी महामार्गाच्या कामांशी झुंजण्यापेक्षा तुतारी किंवा कोकणकन्या एक्स्प्रेसने कुडाळ वा सावंतवाडीला उतरावे आणि तिथून रिक्षा करावी. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते आणि दिवाळीच्या गाड्या पाहता पाहता भरतात.

ज्या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त लिहायचे आहे तो सुरक्षिततेचा. रिकामा किनारा पाहिला की तो निर्धोक वाटतो. गर्दी नाही, बोटी नाहीत, मुलगा नजरेसमोर आहे, मग भीती कसली, असे आपण मनाशी म्हणतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. गोव्याच्या मोठ्या किनाऱ्यांवर जीवरक्षक आणि झेंडे असतात. कोकणातल्या लहान गावांच्या किनाऱ्यावर तुम्ही बुडत असताना बघायलाही कोणी नसेल, अशी शक्यता असते. सगळे किनारे सारखे नसतात. कुठे पाणी दूरपर्यंत गुडघाभरच असते, कुठे चार पावलांत छातीला लागते. गणपतीपुळ्यासारख्या प्रसिद्ध ठिकाणीही समुद्राच्या ओढीमुळे पर्यटक बुडाल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. पोहता येणारा मोठा माणूससुद्धा परतणाऱ्या पाण्याच्या ओढीत सापडला तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजून दमतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे, त्या अरुंद प्रवाहातून बाहेर पडावे आणि मग वळावे. हे मुलीला आणि पतींना दोघांनाही निघण्यापूर्वी समजावून सांगा. नदी किंवा खाडी समुद्राला मिळते त्या मुखाशी आणि खडकांवर मुळीच उतरू नका.

भरती-ओहोटीचा अंदाज बांधण्याची आपल्याकडची जुनी रीत अजून उपयोगी आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते आणि तिच्या सुमारे ६ तास आधी व नंतर ओहोटी असते. भाऊबीज द्वितीयेला येते, म्हणजे भरती दीडच्या सुमारास आणि सकाळची ओहोटी साडेसातच्या आसपास. पंचमीला भरती पावणेचारला, तर ओहोटी पावणेदहाला. म्हणजेच भाऊबीजेनंतरच्या ३-४ दिवसांत रोज सकाळी रुंद, टणक, ओली वाळू मिळते, खेकड्यांना, मुलाला आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना तिन्हींना ती सोयीची आहे. मात्र अमावास्येच्या लगतच्या दिवसांत समुद्राला उधाण असते आणि पाण्याची चढउतार मोठी असते. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते, ती सौम्य असते. म्हणून दिवाळीचे सण घरी करून भाऊबीजेनंतर एक-दोन दिवसांनी निघालात तर पाणी, गर्दी आणि खोल्यांचे भाव या तिन्ही गोष्टी थोड्या ओसरलेल्या असतील. नेमकी वेळ आणि नेमकी जागा मात्र गावातल्या मच्छीमारालाच विचारा, “इथे पोरे पोहतात का?” एवढा एक प्रश्न पुरतो. मे महिन्यात जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी ध्यानात ठेवावे की महिनाअखेरीस समुद्र खवळू लागतो आणि त्याआधीही दुपारची वाळू पाय ठेवू देत नाही.

सासूबाईंसाठी खोली तळमजल्यावर हवी, शौचालय कमोडचे हवे आणि बाथरूमची फरशी घसरडी नको. छायाचित्रांत समुद्र दिसतो, बाथरूम दिसत नाही, तेव्हा फोन करून विचारा. औषधे दोन दिवसांची जास्त न्या आणि जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते, हे पोहोचल्या दिवशीच माहीत करून घ्या. कोरड्या भुसभुशीत वाळूत चालणे त्यांना जड जाईल. घडीची एक खुर्ची गाडीत टाकलीत तर सकाळच्या टणक वाळूवर पाण्याच्या कडेला त्या तासभर सुखाने बसतील.

बालीच्या बोचेबद्दल थोडेच लिहिते. बालीला जाण्यात काही वाईट नाही आणि न जाण्यात मोठेपणाही नाही. पण सहकाऱ्यांची छायाचित्रे पाहून तुम्ही मुलांना काय कमी पडते याचा हिशेब करत असाल तर त्या हिशेबात शिरोड्याचा आकडा कायम कमीच येणार, मग तिथे गेल्यावर तुम्हीच प्रत्येक गोष्ट तोलत बसाल. पैसे आहेत आणि मुलांना परदेश दाखवायचा आहे, तर तो बेत स्वतंत्रपणे करा, पुढच्या वर्षी करा. दोन्ही सहलींकडून एकच काम करून घेण्याचा आग्रह धरू नका.

आणखी एक, जे अशा गावांत जाणाऱ्या सर्वांनाच सांगावेसे वाटते. तिथली शांतता पर्यटकांसाठी राखून ठेवलेली नसते. ती तिथे राहणाऱ्यांची आहे. किनाऱ्यावर स्पीकर लावणे, वाळूत गाडी उतरवणे आणि मग भरतीत अडकलेली ती गाडी ओढायला गावकऱ्यांना ट्रॅक्टर घेऊन बोलावणे, हे प्रकार दर सुट्टीत कुठे ना कुठे घडतात. ज्यांना शिरोड्याचे गोव्यातल्यासारखे गजबजलेले कळंगुट करायचे नाही त्यांनी निदान आपल्यापुरते एवढे पाळावे. वाळत घातलेल्या मासळीशेजारी नाक दाबून उभे राहू नका, असे मुलांनाही सांगा. कोणाची तरी ती वर्षभराची बेगमी असते.

राहता राहिला तुमचा स्वतःचा वेळ. निघण्यापूर्वी एका संध्याकाळी पाचही जणांनी एकत्र बसून तीन दिवसांची आखणी करावी आणि त्यात रोजच्या दोन तासांवर तुमचे नाव लिहावे. त्या वेळात मुलगा पतींच्या ताब्यात, आजींचा चहा यजमानीणबाईंकडून आणि कोणाचाही टॉवेल कुठे आहे याचे उत्तर तुम्ही देणार नाही. ते दोन तास तुम्ही समुद्रावर चालाल, झोपाल की नुसत्या बसाल, याच्याशी कोणाला देणेघेणे नसावे. पतींशी हे बोलताना तक्रारीचा सूर लावण्याची गरज नाही. “तुमची जागा मला पसंत आहे, माझी अट ही आहे” एवढे म्हणणे पुरेसे आहे. त्यांनी कदाचित आजवर याचा विचारच केला नसेल आणि तुम्हीही तो पत्रात केलेला नाही, म्हणजे दोघांची सुरुवात एकाच ठिकाणाहून होते आहे.

परतीचा दिवस शनिवारी येईल असे पाहा, म्हणजे सोमवारी बँकेत जाण्यापूर्वी एक रविवार मोकळा मिळेल. आणि बॅगांमधून वाळूने भरलेल्या कपड्यांचे जे बोचके निघेल ते कोणी झटकायचे आणि यंत्रात कोणी टाकायचे, हेही त्या संध्याकाळच्या बैठकीतच ठरवून घ्या.